घराची दुरुस्ती, सुट्टीचा तंबू आणि दुडदुडणारी पावले

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर हे आयुष्यात एकदाच उभे राहत असे. आजच्या नागरी जीवनात घर बांधण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ते तयार स्थितीत विकत घेतले जाते आणि पुढे टप्प्याटप्प्याने बदलले जाते. स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघरातील फरशी, भिंतींचा रंग, गच्चीकडील दरवाजा अशी यादी कधी संपत नाही. कुटुंबात मूल जन्माला आले आणि ते भिंत धरून चालू लागले, की या यादीला एकाएकी वेग येतो. त्याच सुमारास आईवडिलांच्या मनात दुसरी एक इच्छाही मूळ धरते: मुलाने केवळ चार भिंती व दूरचित्रवाणीचा पडदा न पाहता झाडे, पाणी, चांदणे पाहावे, आठवड्याच्या अखेरीस कुठेतरी तंबूत मुक्काम करावा.

दोन्ही इच्छा निकोप आहेत आणि दोन्हींसाठी बाजार सज्ज आहे. ड्रिल मशीन, ग्राइंडर, रंग फवारण्याचे यंत्र, घडीची शिडी एकीकडे. तंबू, स्लीपिंग बॅग, घडीच्या खुर्च्या, छोटी गॅसशेगडी दुसरीकडे. हप्त्यांची सोयही हात जोडून उभी असते. या खर्चाला सरसकट उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तान्ह्या मुलाच्या घरात असा प्रत्येक खर्च केवळ रुपयांत मोजणे अपुरे आहे. तो मुलाच्या सुरक्षिततेत आणि मुलाच्या वाट्याला येणाऱ्या वेळेतही मोजला गेला पाहिजे. हे दोन रकाने ताळेबंदात नसल्यामुळेच अनेक कुटुंबांचे नियोजन कागदावर अचूक आणि व्यवहारात महागडे ठरते.

जागेपणीच्या तासांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या हालचाली, बैठे व्यवहार व झोप यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, किमान १८० मिनिटे हालचाल हवी आणि एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवणे तर मुळीच नको. झोप सरासरीने १३ तास धरली, तर मूल दिवसातून ११ तास जागे असते.

आता आईवडील दोघेही नोकरी करणारे एक सर्वसामान्य कुटुंब उदाहरणादाखल घ्यावे. मूल सकाळी साडेसातला उठते, आईवडील साडेआठला घराबाहेर पडतात, संध्याकाळी सातला परततात आणि मूल साडेनऊला झोपी जाते. कामाच्या दिवशी मुलाच्या जागेपणी घडणारा सहवास जेमतेम साडेतीन तासांचा. पाच दिवसांचा मिळून साडेसतरा तास. याउलट शनिवार-रविवार मिळून मूल २२ तास जागे असते. म्हणजे सुट्टीचे दोन दिवस उरलेल्या पाच दिवसांहून वजनदार आहेत. मातृत्वरजेची मुदत २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ही मोठीच उपलब्धी होय. परंतु मूल चालू लागते तोवर ती रजा संपून बरेच महिने लोटलेले असतात. मुलाच्या पहिल्या शब्दांची साक्षीदार बहुधा आजी असते, नाही तर पाळणाघरातील मावशी.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे १०४ आठवडे येतात. त्यांतील वीस-पंचवीस आठवड्यांच्या सुट्ट्या फरशी निवडण्यात, मिस्त्रीची वाट पाहण्यात, यंत्रांच्या दुकानांत वा स्वतःच भिंती घासण्यात गेल्या, तर त्या कुटुंबाने आपल्या सर्वांत दुर्मिळ भांडवलाचा पाचवा भाग खर्ची घातला असे म्हणावे लागेल. पैशाची तूट पुढील वेतनवाढीत भरून निघते. अठरा महिन्यांचे मूल मात्र पुन्हा अठरा महिन्यांचे होत नाही.

आधी सुरक्षा, मग शोभा

मुलासाठी घर नवे करायचे, या भावनेतून काम सुरू होते आणि त्या कामाचा पहिला त्रास मुलालाच होतो, ही विसंगती अनेकांच्या लक्षात येत नाही. याचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे जुना रंग. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्यापूर्वी लावलेल्या तैलरंगांत, विशेषतः दारे, खिडक्या, ग्रिल व लोखंडी कपाटांवरील भडक रंगांत, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. हा थर अंगावर असतो तोवर बहुधा निरुपद्रवी असतो. रंगारी तो कोरडाच काचपेपरने वा यंत्राने घासू लागतो, तेव्हा त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते, आणि त्याच जमिनीवर रांगणारे मूल हात तोंडात घालत असते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट प्रमाणात शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम कायमचा असतो आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही.

उपाय खर्चिक नाहीत. जुना रंग कोरडा घासू न देता पृष्ठभाग ओला करून घासावा. फर्निचर व जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे. काम संपल्यावर केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घासकाम व फरशी कापण्याचे काम चालू असेपर्यंत मुलाला त्या घरात ठेवू नये. फरशी कापताना उडणारी धूळही फुप्फुसांना घातकच असते. दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने रंगकाम काढणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बंगळुरू येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आजी-आजोबा बहुधा गावी असतात. कामाचे ते दोन-तीन आठवडे मुलाला व आईवडिलांपैकी एकाला त्यांच्याकडे पाठवणे, हा रेल्वेच्या तिकिटाच्या मोलात मिळणारा उत्तम विमा होय.

दुसरा धोका पाण्याचा. गवंडीकाम चालू असलेल्या घरात पाण्याची पिंपे व बादल्या उघड्या भरून ठेवलेल्या असतात. दुडदुडणारे मूल वाकून पाहते, डोक्याच्या भाराने आत पडते आणि ओरडूही शकत नाही. काही इंच पाणीदेखील जीवघेणे ठरते. प्रत्येक पिंपाला घट्ट झाकण आणि संध्याकाळी प्रत्येक बादली पालथी, हा नियम मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातही क्रम बदलण्याची गरज आहे. बहुतेक अंदाजपत्रके ओट्याच्या ग्रॅनाइटपासून सुरू होतात. लहान मूल असलेल्या घरात ती विजेपासून सुरू व्हावीत. गळणारा प्रवाह ३० मिलीअँपियरला तोडणारे सुरक्षा उपकरण मुख्य फळीवर आहे काय, खालच्या उंचीवरील सॉकेटना आतून बंद होणारे पडदे आहेत काय, उंच कपाटे व पुस्तकांचे मांड भिंतीला पक्के ठोकलेले आहेत काय, खिडकी व गच्चीच्या कठड्याच्या गजांमधील अंतर चार इंचांहून कमी आहे काय, हे प्रश्न आधी विचारावेत. ही सारी कामे मिळून होणारा खर्च एका शोभिवंत भिंतीच्या खर्चाहून बहुधा कमीच भरतो. पाहुण्यांच्या नजरेत मात्र तो भरत नाही, म्हणून तो मागे पडतो.

यंत्रे कोणाच्या हाती?

घरची कामे स्वहस्ते करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. या हौसेची एक बाजू खरोखरच स्वागतार्ह आहे. हाताने काम करणे कमीपणाचे मानणाऱ्या सुशिक्षित वर्गात एखादा पिता स्क्रू-ड्रायव्हर हाती धरतो आणि मूल शेजारी बसून ते कुतूहलाने न्याहाळते, हे दृश्य संस्काराचेच आहे. सैल झालेली बिजागरी आवळणे, खुंटी बसवणे, सायकलची साखळी घालणे यांसाठी लागणारी साधी हत्यारे प्रत्येक घरात असावीत.

प्रश्न मोठ्या यंत्रांचा आहे. समजा, ३,००० रुपयांचे ड्रिल मशीन घेतले आणि पुढील तीन वर्षांत ते सहा वेळा वापरले. प्रत्येक वापराची किंमत ५०० रुपये पडली. तेवढ्यात परिसरातील सुतार वा इलेक्ट्रिशियन स्वतःचे यंत्र घेऊन येतो, चार भोके पाडतो, सांडलेली माती गोळा करतो आणि काम चुकले तर पुन्हा येतो. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर त्याचे यंत्र रोज राबते म्हणून त्याचा घसारा शेकडो कामांवर विभागला जातो. घरातील यंत्र माळ्यावर पडून घसारा सोसत राहते. ग्राइंडरसारख्या यंत्राविषयी तर हिशेबाचीही गरज नाही. फिरते पाते, उडणाऱ्या ठिणग्या आणि दीड वर्षाचे मूल या तिन्ही गोष्टी एका घरात एकाच दुपारी असू नयेत.

सोसायटीतील शेजाऱ्यांनी मिळून एक शिडी, एक ड्रिल मशीन व एक चांगली हत्यारपेटी घ्यावी आणि वापराची नोंदवही ठेवावी, ही कल्पना जुन्या चाळसंस्कृतीला मुळीच नवी नाही. लग्नकार्यातील मोठी पातेली अशीच सामायिक असत. प्रत्येक घरात ड्रिल मशीन असलेली आणि शेजारच्या घरातील मुलाचे नावही ठाऊक नसलेली सोसायटी समृद्ध म्हणावी काय, याचाही विचार व्हावा.

मोठी दुरुस्ती मात्र तुकड्यातुकड्यांनी, दर सुट्टीला थोडी अशी करू नये. सोसायटीची लेखी परवानगी, कामाची लेखी यादी, टप्प्यांनुसार रक्कम आणि संपण्याची ठरलेली तारीख असा करार करून ती सलग उरकावी. आठ महिने रेंगाळणाऱ्या कामात घर धुळीचे, स्वयंपाक अर्धवट आणि मन चिडलेले असते. त्या चिडचिडीचा धनी अखेर घरातील सर्वांत लहान माणूस होतो.

तंबूतील रात्र

वनविहाराच्या साधनांनाही हाच न्याय लावता येईल. महाराष्ट्रात तंबूत राहण्याजोगा काळ मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचे चार महिने व कडक उन्हाळा लहान मुलासाठी वगळावाच लागतो. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाली. त्या हिशेबाने बँक कर्मचाऱ्याला हिवाळ्याच्या चार महिन्यांत दोन दिवसांच्या आठ सुट्ट्या मिळतात. त्यांतून दिवाळी, लग्नसराई, पाहुणे, मुलाचा ताप व सर्दी-खोकला वजा केल्यास तीन उरल्या तरी भाग्य म्हणावे. समजा, तंबू, स्लीपिंग बॅग व शेगडी यांवर १५,००० रुपये खर्चिले; पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक रात्र ५,००० रुपयांना पडली. पावसाळ्यात माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या तंबूला बुरशी लागली, तर दुसरा हिवाळा येतच नाही.

पुणे-मुंबईकरांना पवना धरणाच्या जलाशयाकाठी वा भंडारदऱ्याच्या परिसरात उभे तंबू भाड्याने मिळतात. तुंग, तिकोना व लोहगड यांच्या सान्निध्यातील पवनेचे पाणी किंवा प्रवरेवरील विल्सन धरणामागचे कळसूबाईचे शिखर पाहण्यासाठी तंबू स्वतःच्या मालकीचा असावा लागत नाही. पहिले दोन हिवाळे भाड्याच्या तंबूत काढावेत. हौस टिकली आणि मूल रमले, तर तिसऱ्या वर्षी खरेदीचा विचार करावा. त्याआधी घरच्या गच्चीत चादरीच्या तंबूत एक रात्र काढून पाहणे फुकट आहे आणि मुलाच्या लेखी ती मोहीम मुळीच लहान नाही.

खरेदीच करायची असेल, तर पहिली खरेदी मोटारीतील बालआसनाची असावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट वा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी सुरक्षापट्टा व शिरस्त्राण आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक झाले. तंबूवर आठ हजार खर्चणारे कुटुंब मुलाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन द्रुतगती मार्गाने जाते, तेव्हा खर्चाचा क्रम चुकला आहे हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची आवश्यकता नसते.

मुक्कामातही काही पथ्ये अटळ आहेत. थंडी कितीही असो, तंबूच्या आत कोळशाची शेगडी वा गॅस पेटवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, गंध नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उबेसाठी कपड्यांचे थर वाढवावेत. जलाशयाकाठी मूल सतत हाताच्या अंतरावर असावे आणि ‘कुणीतरी पाहत असेल’ असे न मानता पाहणाऱ्याचे नाव ठरलेले असावे. मुलाचे जेवण नेहमीचेच, म्हणजे मऊ वरणभात वा नाचणीचे सत्त्व असावे आणि झोपेची वेळ शक्यतो तीच असावी.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. अनेक कुटुंबांत सहलीचे बेत पुरुष आखतो आणि तयारी स्त्री करते. मुलाचे कपडे, औषधे, दूध, भांडी, परतल्यावर धुण्याचा ढीग हे सारे तिच्याच वाट्याला येते. घरचा ओटा उचलून तंबूच्या दाराशी मांडणे म्हणजे विश्रांती नव्हे. निघण्यापूर्वी कामांची यादी दोघांच्या नावे वाटून घ्यावी. ते शक्य नसेल, तर जेवण मिळणारी जागा निवडावी. त्या जागेचे जादा भाडे हा तंबूपेक्षा अधिक योग्य खर्च ठरेल.

कर्ज: कशासाठी आणि किती काळासाठी

गृहदुरुस्तीसाठी कर्ज काढण्यात गैर काही नाही. घर ही टिकाऊ मालमत्ता आहे आणि विजेची नवी जोडणी वा गळती रोखणारे काम तिचे आयुष्य वाढवते. गृहकर्ज चालू असलेल्या ग्राहकाने वाढीव कर्जाची चौकशी आधी करावी. त्याचा दर वैयक्तिक कर्जाहून सामान्यतः कमी असतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली मनाई केली, त्याचा लाभ घेऊन बोनसची रक्कम कर्जात भरता येते. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजाला जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. करबचतीच्या आशेने कर्ज काढण्यापूर्वी आपण कोणत्या पद्धतीत आहोत हे पाहावे.

मुदतीचाही विचार हवा. ३ लाख रुपये १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६,३७४ रुपये व एकूण व्याज सुमारे ८२,४०० रुपये होते. तेच कर्ज तीन वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे ९,६८० रुपये, परंतु व्याज सुमारे ४८,५०० रुपये. फरक जवळजवळ ३४,००० रुपयांचा. मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत हा बोजा उतरलेला असावा, हे धोरण शहाणपणाचे.

हौसेची साधने मात्र कर्जाने घेऊ नयेत. ‘शून्य व्याज’ या शब्दांना भुलण्याचे कारण नाही. क्रेडिट कार्डावरील शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाच्याच माथी मारले जाते, याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच लक्ष वेधले होते. रोखीने मिळू शकणारी सूट सोडणे हेही व्याजच होय. कार्डाची बाकी थकली, तर दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांपर्यंत आकारणी होऊ शकते. त्या दराने घेतलेला तंबू तंबू राहत नाही, बंगला होतो. अशा हौसेसाठी आवर्ती ठेव उघडावी. दरमहा हजार रुपयांप्रमाणे वर्षअखेर रक्कम हाती येते आणि तेवढ्या अवधीत हौस खरी होती की क्षणिक, याचाही निकाल लागतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही शिकवण पैशापुरती सर्वांना पाठ आहे. लहान मूल असलेल्या घराने ती वेळेलाही लागू करावी. खर्चाला हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे आहेत. याने मूल अधिक सुरक्षित होईल काय? याने मुलासोबतचे जागेपणीचे तास वाढतील की घटतील? आणि हे साधन भाड्याने, उसने वा कारागिराकडून मिळण्याजोगे नाही काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर खर्च लांबणीवर टाकू नये. प्रसंगी त्यासाठी कर्जही काढावे. उरलेल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक नसतील, तर ती यादी तशीच घडी करून ठेवावी आणि येत्या रविवारी मुलाला जवळच्या बागेत न्यावे. तेथे प्रवेशशुल्क बहुधा नसते आणि लागणारे सर्व साहित्य, म्हणजे माती, पाने आणि खडे, जागेवरच उपलब्ध असते.